रॉकेटचा फोम आणि आपला पेंढा

14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 घेऊन रॉकेट उडालं. त्याच्या वरच्या टप्प्यात उणे 253 अंशांचा द्रव हायड्रोजन होता. बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून अशा टाकीवर फोमचा थर देतात. नर्सताई लसीचा डबा आणतात, त्याच्या भिंतीतही फोमच असतो. फोममध्ये बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. त्यांतून उष्णता सावकाश जाते.

आपल्या जव्हार-मोखाड्यात भाताचा पेंढा आहे. त्यातही हवा कोंडते. मग आपणही चाचणी घेऊ. सारख्या दोन टोपांत सारखंच उकळतं पाणी घेऊ, झाकणं लावू. एक टोप उघड्यावर. दुसरा टोपलीत, सगळीकडून वीतभर कोरडा पेंढा, वर गोधडी. पेंढा ठासायचा नाही, नाहीतर हवा निघून जाते. बुडाला निखारा चिकटलेला नाही ना, तेही बघू. दोन तासांनी दोन्ही टोप उघडू.

पेंढ्यातलं पाणी चांगलं गरम राहिलं, तर डाळ थोडी उकळून तशीच ठेवू. उरलेली तिथेच शिजेल. वाढण्याआधी पुन्हा एक उकळी द्यायचीच.

जेवढं सरपण वाचेल, तेवढी डोक्यावरची मोळी हलकी होईल.