अमोनियाच्या पात्रांतील अग्नि

कोळशाची शेगडी पेटविणें निराळें आणि ती पेटती राखणें निराळें, हें ज्यांनीं ती पेटविली आहे त्यांना सांगावयास नको. निखारे लाल झाले म्हणजे ते नव्या कोळशाला आपणच पेटवितात. परंतु त्यापूर्वीं चार ओले कोळसे पडले, तर सारें विझून जातें. अमोनियाच्या कारखान्यांतील अवाढव्य पोलादी पात्रांतहि हाच खेळ चालतो.

नत्रवायु आणि उज्जवायु यांचा संयोग फ्रिट्झ हाबर यांनीं १९०९ सालीं प्रयोगशाळेंत घडवून दाखविला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनीं १९१३ मध्यें जर्मनींतील ओप्पाऊ येथें त्याचा कारखाना सुरू झाला. जगांतील नत्रखतांचा बहुतेक पुरवठा आज याच संयोगावर अवलंबून आहे.

पण त्यांत एक पंचाईत आहे. संयोग होतांना उष्णता बाहेर पडते. म्हणून पात्र जितकें थंड, तितका अमोनिया अधिक मिळण्याचा संभव. वातावरणाच्या २०० पट दाबाखालीं ५०० अंश सेंटिग्रेडला मिश्रणांत अमोनिया फार तर शेंकडा १८ होतो. ४०० अंशांना तो सुमारें दुप्पट होऊं शकतो. मग पात्र थंडच कां ठेवूं नये? कारण लोखंडाचा उत्प्रेरक असूनहि थंडाव्यांत संयोग फारच मंद होतो. लोभ आणि घाई यांचा हा झगडा! यावर युक्ति अशी कीं, आरंभीं पात्र उष्ण ठेवून वेग साधावयाचा आणि अमोनिया वाढेल तसतसें उष्णतामान उतरवीत न्यावयाचें. निसर्गाची ओढ मात्र नेमकी उलट. शेंकडा एक भाग अमोनिया झाला कीं वायु सुमारें १५ अंशांनीं तापतो. म्हणून उत्प्रेरकाचे थर करून मधून मधून गार वायु सोडतात. शाळेंतील पुस्तकें बहुधा येथवरहि येत नाहींत.

खरी मेख पुढेंच आहे. पात्रांतून निघणाऱ्या तप्त वायूच्या उष्णतेनेंच आंत शिरणारा गार वायु तापविला जातो. १९५३ मध्यें फान हेर्डेन या डच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, अशा पात्राचे तीन समतोल संभवतात : एक विझलेला, एक पेटलेला आणि एक मधला. मधल्या अवस्थेंत उत्पन्न होणारी व निघून जाणारी उष्णता अगदीं सारखी असते. तरीहि ती अवस्था टिकत नाहीं. उष्णतामान अंशभर उतरलें कीं संयोग मंदावतो. तो मंदावला कीं शिरणारा वायु आणखी गार होतो. असें होत होत पात्र विझतें. अंशभर चढलें, तर तें चढतच जाऊन पेटलेल्या समतोलाला पोंचतें. दुर्दैव असें कीं, या पेटलेल्या समतोलांतहि सर्वांत अधिक अमोनिया मिळतो तो विझण्याच्या कड्याच्या अगदीं जवळ.

जर्मनींतील एका कारखान्यांत दाब उतरला, तेव्हां पात्र विझलें नाहीं, पण त्याचें उष्णतामान मोठमोठे झोके खाऊं लागलें. १९९८ मध्यें मोरूड आणि स्कोगेस्टाड यांनीं त्याचें विवरण प्रसिद्ध केलें. शिरणाऱ्या वायूंतील गारवा थरांतून पार होऊन दुसऱ्या टोंकाला दिसण्यास वेळ लागतो. तोंवर परत येणारी उष्णता त्याची वर्दी देत नाहीं, आणि मग ती एकदम घसरते.

म्हणून शहाणा चालक शेवटचा थेंब मिळविण्याच्या मागें लागत नाहीं. कड्यापासून कांहीं अंश वर राहून तो थोड्या अमोनियावर पाणी सोडतो, आणि गार वायूच्या झडपेनें शिरणाऱ्या वायूचें उष्णतामान सांभाळतो. एवढें करूनहि पात्र विझलेंच, तर बाहेरची भट्टी लावून तें पुन्हा पहिल्यापासून तापवावें लागतें.