आपली आवड

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



हिशोबाचं वाचन झालं, परतफेडीचं बोलून झालं. मला जी थोडी मिनिटं दिलीत, त्यात मी बचतीवर बोलणार नाही. मी एकच प्रश्न घेऊन आलेय. तुम्हाला काय आवडतं?

नव्या गटाच्या प्रशिक्षणात ओळख करून घेताना मी हे विचारते. नाव सांगा, गाव सांगा आणि आपल्या आवडीची एक गोष्ट सांगा. नाव-गाव पटकन येतं. तिसऱ्या गोष्टीला गाडी अडते. शेजारणीकडे बघून हसायचं, पदर नीट करायचा, आणि मग उत्तर येतं, "पोरांना पुरणपोळी आवडते." "आमच्या मालकांना झणझणीत लागतं." अहो ताई, ते झालं पोरांचं आणि मालकांचं. तुमचं काय? "मला काय, सगळंच चालतं."

हे "सगळंच चालतं" मला खटकतं. कारण पुढं हेच उत्तर सगळीकडं येतं. कर्ज कशासाठी घ्यायचं? "घरात विचारून सांगते." ग्रामसभेत काय मागायचं? "तुम्ही म्हणाल ते." आवड सांगणं छोटी गोष्ट आहे, पण "मला हे हवं" असं म्हणायची सवय तिथूनच लागते. जिनं कधी स्वतःची आवड तोंडानं सांगितली नाही, तिला चारचौघांत मत मांडणं दुप्पट जड जातं.

मोठ्या ताईंना रेडिओवरचा 'आपली आवड' हा कार्यक्रम आठवत असेल. लोक पोस्टकार्ड लिहून गाणं मागायचे, आणि गाण्याच्या आधी मागणाऱ्यांची नावं गावासकट वाचली जायची. आपलं नाव रेडिओवर आलं म्हणजे काय आनंद! आज मी तसंच करणार आहे. माझी फर्माईश आधी सांगते, मग तुमची मागते.

माझं आवडतं पुस्तक, बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. बेबीताई आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या. घरचं किराणा दुकान होतं, त्या दुकानात बसायच्या. माल बांधून द्यायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या. महारवाड्यातलं जगणं, भूक, सासुरवास, बाबासाहेबांच्या विचारानं आलेलं बळ, सगळं लिहिलं. आणि ते लिखाण घरात वीस वर्षं लपवून ठेवलं. शेवटी १९८६ साली पुस्तक आलं. पुढं त्याचं इंग्रजीतही भाषांतर झालं. एक बाई पुडीचा कागद वाचते आणि तिचं पुस्तक जग वाचतं. आपल्यापैकी किती जणी दुकान सांभाळतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आवडता सिनेमा, 'उंबरठा'. १९८२ सालचा, जब्बार पटेलांचा. स्मिता पाटील त्यात सुलभा महाजन झाली आहे. सुलभा समाजकार्य शिकलेली, चांगल्या घरची सून. महिला सुधारगृहात अधीक्षक म्हणून नोकरी धरते, त्यासाठी घर सोडून दुसऱ्या गावी राहते. पुढं जे होतं ते मी सांगत नाही, तुम्ही बघा. मीही समाजकार्यच शिकले, म्हणून तो जवळचा असेल. पण खरं कारण वेगळं आहे. काम करायची आवड असलेल्या बाईला घर काय काय विचारतं, ते त्यात एकही भाषण न करता दाखवलं आहे.

आवडतं संगीत म्हणाल तर जात्यावरच्या ओव्या. आता तुम्ही हसाल, ही पोरगी कधी जात्यावर बसली? नाही बसले. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि बायांच्या हातांची सुटका झाली, ते चांगलंच झालं. पण जात्याबरोबर ओवीही उठून गेली. जातं बाजूला पडलं तशी गाण्याची वेळच राहिली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. तिथं गाणारणीचं नाव असतं, गाव असतं. आई-बाप, भाऊराया, सासर, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं त्या ओव्यांत आहे. घरात ज्यांना बोलायला जागा नव्हती, त्या जात्यापाशी बोलल्या.

आणि आवडती जागा, भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव. २०१७ साली ते 'पुस्तकांचं गाव' झालं. लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं ठेवली. कुठल्याही घरात जा, बसा, वाचा, कुणी पैसे मागत नाही. मला तिथं आवडतं ते हे, की बाहेरून आलेली बाई अनोळखी घरात पुस्तक उघडून बसते आणि "काय काम काढलंत?" असं तिला कुणी विचारत नाही. बाईला काम नसताना नुसतं बसायला अशी जागा किती ठिकाणी मिळते सांगा बरं! एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. एखाद्या गटानं ठरवलं तर सहल अवघड नाही.

मला ठाऊक आहे, मागं बसलेल्या मावशी मनात म्हणतायत, "पोटाचं आधी बघ बाई, आवड मग." मावशी, बरोबर आहे. पण बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतातलं आणि घरातलं काम कधी सुटलं नाही, तरी त्यांनी ओव्या आणि गाणी रचली. पोट भरल्यावर निवांत गाऊ, असं त्या म्हणत बसल्या असत्या तर आज आपल्याकडं काय राहिलं असतं? आणि त्यांच्या घरच्यांनी ती गाणी उतरवून घेतली म्हणूनच ती १९५२ साली, बहिणाबाई गेल्यावर पुढच्या वर्षी, पुस्तकात आली. उतरवून घेणारं कुणीतरी लागतं. ते काम आपला गट करू शकतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. गटाच्या निधीतून एक रुपयाही काढायचा नाही.

पहिली. महिन्याच्या शेवटच्या बैठकीत, वसुली आणि नोंदी झाल्यावर, दहा मिनिटं एकीची. तिनं आपली आवड सांगायची. गाणं, सिनेमा, पुस्तक, जागा, नाहीतर नुसता एखादा पदार्थ. अट एकच, पोरांची आणि मालकांची आवड चालणार नाही.

दुसरी. सचिवताईंनी ते साध्या वेगळ्या वहीत लिहून ठेवायचं, नाव आणि गाव घालून. इतिवृत्ताच्या वहीत नको, तिथं ठरावच राहू देत.

तिसरी, आणि ही घाईची. गटात किंवा गल्लीत जिला ओव्या येतात अशी आजी शोधा, तिला विचारा आणि तिची परवानगी घेऊन मोबाईलवर ओव्या उतरवून घ्या. कर्जाचा हप्ता महिनाभर पुढं-मागं झाला तर आपण मार्ग काढतो. आजी गेली तर तिची ओवी परत येत नाही.

पुढच्या महिन्यापासून मी बैठकीला आले की आधी बचतीची वही बघेन आणि मग ही दुसरी वही मागेन. पहिल्या पानावर कुणाचं नाव असेल ते आत्ताच ठरवा. हात वर करा, लाजू नका. बोला, कोण सांगतंय?

जय जिजाऊ, जय सावित्री!