शर्यतीच्या मोटारींच्या लहान प्रतिकृति

मोठ्या वस्तूची लहान आकृति घडविण्याची हौस माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. मुलांच्या हातीं मातीचे बैल आले, देवघरांत पितळी रथ आले, आणि जहाजें बांधणाऱ्यांनीं जहाजाआधीं त्याचा लांकडी नमुना घडविला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार आली, आणि तिच्या मागोमाग तिची लहान आकृतिहि आली. या आकृतींपैकीं एका प्रकारांत कष्ट सर्वांत अधिक आणि बाजारी किंमत पुष्कळदां सर्वांत कमी, असा योग आहे. तो प्रकार म्हणजे जुन्या काळच्या शर्यतीच्या मोटारींची, ठराविक प्रमाणांत बांधलेली आणि हातानें रंगविलेली प्रतिकृति.

ही प्रतिकृति पाहून सामान्य माणूस तिला खेळणें म्हणतो. परंतु खेळणें आणि प्रतिकृति यांत मूलतःच भेद आहे. मुलाचें मन रमविणें एवढेंच खेळण्याचें काम. चाकें फिरलीं आणि रंग झळाळला कीं तें सार्थकीं लागलें. प्रतिकृतीवर निराळी जबाबदारी असते. अमुक मोटार, अमुक दिवशीं, अशी दिसत होती, असें ती विधान करते. विधान केलें कीं तें खरें तरी ठरतें किंवा खोटें तरी. या कलेंतली सारी गोडी आणि सारे कष्ट या एका गोष्टींतून उत्पन्न होतात.

प्रथम प्रमाणाचा विचार करूं. प्रचारांतील प्रमाणांत एकास त्रेचाळीस हें प्रमाण मोठें चमत्कारिक वाटतें. त्याचें मूळ खेळण्यांच्या आगगाडींत आहे. इंग्लंडांत अशा आगगाडीच्या एका मापांत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरीत. म्हणजे सुमारें त्रेचाळिसावा हिस्सा झाला. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें आगगाडीच्या शेजारीं ठेवण्यासाठीं मोटारी काढल्या, आणि १९३४ सालीं त्यांना ‘डिंकी टॉइज’ हें नांव मिळालें. पुढें आगगाडी बाजूला राहिली, पण माप टिकलें. १९५६ सालीं एअरफिक्स कंपनीनें साडेचार लिटर बेंटले मोटारीचा प्लॅस्टिकचा संच एकास बत्तीस या प्रमाणांत काढला, आणि थोड्या पैशांत घरीं बसून जुनी मोटार जोडण्याची सोय सामान्य माणसाला झाली. मोठ्या कामासाठीं एकास चोवीस व एकास बारा हीं प्रमाणें आहेत.

उदाहरणादाखल एकच मोटार घेऊं. एत्तोरे बुगात्ती हा मिलान येथें जन्मलेला कारागीर. त्याचा कारखाना आल्सास प्रांतांत मोल्सहाइम येथें होता. त्याची ‘पस्तीस’ क्रमांकाची मोटार १९२४ सालीं लियॉन येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यतींत प्रथम उतरली. त्या दिवशीं टायरांनीं दगा दिला आणि यश इटलीच्या अल्फा रोमिओला मिळालें. परंतु पुढें याच मोटारीच्या जातीनें सिसिलींतील टार्गा फ्लोरिओ शर्यत १९२५ पासून १९२९ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें जिंकली. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांमधलें अंतर २.४ मीटर. एकास चोवीस प्रमाणांत तें बरोबर दहा सेंटिमीटर भरतें. बांधणाराला हा हिशेब सोयीचा आहे, पण पुढची वाट सोपी नाहीं.

या मोटारीचीं चाकें ॲल्युमिनियमचीं ओतींव, आठ रुंद चपट्या आऱ्यांचीं. ब्रेकचा पिंपासारखा भाग चाकाशीं एकजीव केलेला; चाक काढलें कीं ब्रेकहि उघडा पडे. पुढचा आंस पोकळ आणि आरशासारखा घासलेला. त्याला चौकोनी भोंकें पाडून स्प्रिंगचे पाटे त्यांतून आरपार नेलेले. पुढें घोड्याच्या नालाच्या आकाराचा रेडिएटर. यांतला एकहि अवयव झांकलेला नाहीं. घरगुती मोटारीच्या प्रतिकृतींत पत्र्याखालीं पुष्कळ दोष दडतात. शर्यतीच्या मोटारीला दडवायला पत्राच नसतो. म्हणून बांधणारा पितळेची तार कानशीनें घांसून आंस करतो, पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून पाटे रचतो, आणि आंसाला भोंक पाडतांना श्वास रोखून धरतो. कारण तेथें केसभर चूक झाली कीं सारी मोटार एका अंगाला कलंडते.

बांधणी झाली कीं रंगाचें काम येतें, आणि येथेंच पुष्कळांचे हात फसतात. याला कारण साधें अंकगणित आहे. मोटार चोवीस पटींनीं लहान करतां येते, पण रंगाचा थर तसा लहान करतां येत नाहीं. कुंचल्यानें दिलेला थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर मूळ मोटारीच्या मापानें तो जवळजवळ अडीच मिलिमीटरांचा लेप होतो. तेवढ्या लेपाखालीं पत्र्याचे सांधे बुजतात, खिळ्यांचीं डोकीं नाहींशीं होतात, आणि बॉनेटवरच्या वारा जाण्याच्या खांचा केवळ सुरकुत्या दिसूं लागतात. म्हणून जाणता रंगारी रंग दुधासारखा पातळ करतो. प्रथम अस्तराचा हात. तो पुरता वाळल्यावर बारीक पॉलिश कागद पाण्यांत भिजवून हलकेंच घांसावयाचें. मग रुंद मऊ कुंचल्यानें रंगाचा पहिला हात एका दिशेनें, आणि दुसरा त्याला आडवा. एकदां ओढलेल्या रेघेवरून कुंचला पुन्हां फिरवावयाचा नाहीं, कारण अर्धवट वाळलेला रंग ओढला जाऊन चरे पडतात. दोन हातांमध्यें निदान एक दिवस जाऊं द्यावा लागतो. तेलाच्या रंगावर सेल्युलोजचा रंग कधींहि देऊं नये. खालचा थर सुरकुततो आणि महिन्याचें काम घटकेंत वायां जातें.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. मोठ्या मोटारीवरचा गडद रंग जसाच्या तसा वीतभर आकृतीवर लावला, तर तो डोळ्याला अधिकच काळवंडलेला दिसतो. दूरची वस्तु हवेमुळें थोडी फिकी दिसते. आणि लहान प्रतिकृति पाहतांना आपण जणूं खरी मोटार दुरून पाहत असतों. म्हणून रंगांत पांढऱ्याचा थोडा अंश मिसळतात. किती मिसळावयाचा तें पुस्तक सांगत नाहीं. तें डोळाच सांगतो, आणि डोळा तयार व्हायला वर्षें लागतात.

आतां प्रश्न येतो तो हा कीं, रंग कोणता लावावा? शर्यतींच्या आरंभकाळीं हा प्रश्न मालकाच्या मर्जीचा नव्हता. १९०० सालापासून गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यती सुरू झाल्या, आणि त्यांबरोबर प्रत्येक राष्ट्राला रंग वांटून देण्याची चाल पडली. फ्रान्सचा निळा हा त्यांत अगदीं आरंभापासूनचा. १९०२ सालीं नेपियर मोटारीनें चषक इंग्लंडला नेला, म्हणून १९०३ ची शर्यत ब्रिटिश भूमीवर भरावयाची होती. पण इंग्लंडांत रस्त्यांवर शर्यतीला बंदी. शेवटीं ती आयर्लंडांत भरली, आणि त्या भूमीच्या मानार्थ ब्रिटिश मोटारी हिरव्या रंगांत उतरल्या. पुढें हिरवा इंग्लंडचा, लाल इटलीचा, पांढरा जर्मनीचा, पिंवळा बेल्जियमचा, असें ठरून गेलें. १९३४ पासून जर्मन मोटारी रुपेरी झाल्या. १९६८ पासून या रंगांची जागा जाहिरातदारांच्या रंगांनीं घेण्यास आरंभ केला. तोंपर्यंत मात्र प्रेक्षकाला दुरून धूळ उडतांना दिसली तरी कोणत्या राष्ट्राची मोटार येत आहे हें रंगावरून कळे.

यावरून बुगात्ती म्हणजे निळी, असें कोणीहि म्हणेल. कारखाना फ्रान्सचा, तेव्हां रंग फ्रान्सचा. आणि बहुतेक बुगात्ती निळ्या होत्या हेंहि खरें. परंतु १४ एप्रिल १९२९ रोजीं मोनाको येथें पहिली ग्रां प्री शर्यत झाली. शहराच्या रस्त्यांवरून शंभर फेऱ्या मारावयाच्या होत्या. ती जिंकणारी मोटार ‘पस्तीस बी’ जातीची बुगात्तीच होती. तिला ३ तास ५६ मिनिटें ११ सेकंद लागले. ती मोटार मात्र हिरवी होती; कारण ती हांकणारा ब्रिटिश होता. शर्यतींत तो ‘विल्यम्स’ एवढेंच नांव लावी. त्याचें खरें नांव विल्यम ग्रोव्हर. बाप इंग्रज, आई फ्रेंच, जन्म फ्रान्सांतला. त्याच वर्षीं त्यानें फ्रेंच ग्रां प्रीहि जिंकली.

या मोटारीची प्रतिकृति करूं पाहणारा जुनीं छायाचित्रें पुढें घेऊन बसला, तर तीं त्याला हात देत नाहींत. त्या काळच्या पुष्कळ फिल्मांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तांबडी मोटार चित्रांत काळी उठे. उलट निळा रंग फिका उठे. हिरवा कोठें तरी मध्यें. छाया पाहून रंग ठरवूं जाणारा म्हणून सहज चकतो. त्यानें शर्यतीचीं वर्णनें वाचावीं, मोटार कोणाच्या नांवें उतरली हें पाहावें, आणि मगच डबी उघडावी. जो हें करीत नाहीं तो सुबक निळी मोटार करील, लोक तिची स्तुति करतील, आणि तरीहि ती मोनाकोची मोटार होणार नाहीं.

एवढ्या लहानशा रंगाचें एवढें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर विल्यम्सच्या उत्तरायुष्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं फ्रान्स व्यापल्यावर हा माणूस ब्रिटिशांचा गुप्त हस्तक म्हणून पॅरिसच्या परिसरांत काम करूं लागला. रोबेर बेन्वा हा दुसरा नामांकित शर्यतपटु त्याचा साथीदार होता. १९४३ च्या ऑगस्टांत विल्यम्स पकडला गेला आणि साक्सेनहाउझेनच्या छळछावणींत मारला गेला. बेन्वाचा अंत १९४४ सालीं बुखेनवाल्ड येथें झाला. फ्रेंच मोटारीवरचा तो हिरवा रंग या माणसाच्या दोन्ही मातृभूमींची गांठ दाखवितो. तो पुसून निळा लावणें म्हणजे त्याचें नांव पुसण्यासारखेंच आहे, मग लावणाराच्या मनांत तसा हेतु असो वा नसो.

हातानेंच कां रंगवावें, हाहि प्रश्न पुष्कळ वेळां निघतो. हवेच्या दाबानें फवारणारीं यंत्रें आहेत, आणि त्यांनीं थर अधिक सारखा बसतो यांत शंका नाहीं. पण जुन्या मोटारीच्या बाबतींत कुंचल्याची बाजू दुबळी नाहीं. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंत लवकर वाळणारा सेल्युलोज रंग मोटारींना देण्यास आरंभ झाला. त्यापूर्वीं मोटारी घोडागाड्यांप्रमाणेंच कुंचल्यानें रंगवीत, आणि थरावर थर देऊन व्हार्निश वाळण्यास आठवडे लागत. त्या काळची प्रतिकृति कुंचल्यानें रंगविणें हा म्हणून मागासलेपणा नव्हे; मूळ कारागिराच्या पद्धतीशीं राखलेलें तें इमान आहे.

शेवटचें काम अंगावरच्या आंकड्याचें आणि मळाचें. मूर्तिकार जसा डोळ्यांची आंखणी सर्वांत शेवटीं करतो, तसा हा कारागीर आंकडा शेवटीं घालतो. तो घातला कीं मोटारीला ओळख येते. मळाच्या बाबतींत मात्र संयम हवा. शर्यत संपल्यावरची मोटार दाखवावयाची असेल तर इंजिनाजवळ तेलाचा ओघळ आणि चाकांमागें धूळ शोभते. सुरुवातीच्या रेषेवरची मोटार दाखवावयाची असेल तर ती स्वच्छच हवी. दोन क्षणांचा घोटाळा केला तर मोटार कोणत्याच क्षणाची राहत नाहीं.

या कामाला मोठी जागा लागत नाहीं. खिडकीजवळचें मेज, दोनतीन चांगले कुंचले, एक कानस आणि पुष्कळ सबुरी एवढ्यावर तें चालतें. त्यांतून जी शिस्त लागते ती मात्र मोठी आहे. मोजून पाहावें, विचारून पाहावें, पुरावा नसेल तेथें थांबावें, आणि थर वाळल्याखेरीज पुढचा हात देऊं नये. असें करणाराच्या मेजावर जी वीतभर मोटार उभी राहते, तिच्याकडे पाहून एखाद्या मुलानें, ही हिरवी कां, असें विचारलें, तर त्या कारागिराचे सारे महिने कारणीं लागले असें समजावें. कारण त्या प्रश्नाचें उत्तर देतांना त्याला एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगितली जाणें अगत्याचें आहे.