क्षमा वेगळी, फाशी वेगळी



१९८३ साल संपता संपता वर्तमानपत्रात एक छायाचित्र आलं होतं. तुरुंगातली कोठडी आणि जवळजवळ ठेवलेल्या दोन खुर्च्या. एका खुर्चीवर पोप जॉन पॉल दुसरे, दुसरीवर मेहमेत अली अग्का नावाचा तुर्की तरुण. १३ मे १९८१ रोजी याच तरुणानं व्हॅटिकनच्या चौकात पोपवर गोळ्या झाडल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होतो. ही नावं आमच्या मोहल्ल्यात घरोघरी होती. मे महिन्याची सुट्टी आहे हे बरंच झालं, वर्गात मान वर करून बसता आलं नसतं, असं मला वाटलं होतं. दोन वर्षांनी ते छायाचित्र पाहिलं आणि खाली गेलेली मान कुणीतरी हलकेच वर केल्यासारखं झालं.

वडिलांना मी विचारलं, "आता याला सोडतील ना?" ते म्हणाले, "माफ केलं म्हणजे सोडलं असं नसतं." पुढे तसंच झालं. पोपनी माफ केलेला तो माणूस २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. वडिलांच्या वाक्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

मध्ये एक वाईट गोष्ट घडली. शेताच्या बांधावरून माझ्या आतेभावाचा खून झाला. खटला चालू असताना मी एक कविता लिहिली. तिच्यात दोर होता, खटका होता, लोंबकळणारे पाय होते. तालुक्याच्या कविसंमेलनात तिला टाळ्या पडल्या. निकाल लागला तो जन्मठेपेचा. घरातले सगळे पुरुष चिडले. फुफीनं तेवढं एकच विचारलं, "उसकी माँ है क्या रे?" आहे, असं कुणीतरी सांगितलं. ती पुढे काही बोलली नाही. ती कविता मी कुठल्याही संग्रहात घेतली नाही.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो. त्या छायाचित्रामुळे कॅथलिक धर्मपीठ याबद्दल काय म्हणतं, हे मुद्दाम वाचलं. पोपनी क्षमा केली, म्हणजे त्यांचं धर्मपीठ पहिल्यापासून फाशीच्या विरोधात असणार, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली.

पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी एका रोमन अधिकाऱ्याला पत्रं लिहून, आपल्याच धर्मगुरूचा खून करणाऱ्यांना जिवे मारू नका, अशी रदबदली केली होती. पण देहदंड देण्याचा राज्याचा अधिकार त्यांनी नाकारला नव्हता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तर दाखलाच दिला: सडलेला अवयव शरीर वाचवण्यासाठी कापावा लागतो, तसा समाजाला घातक झालेला माणूस. हा दाखला पुढे शतकानुशतकं चालला.

आणि तो नुसता ग्रंथात राहिला नाही. रोमवर पोपचं राज्य होतं, तेव्हा तिथे सरकारी जल्लाद होता. जोव्हान्नी बत्तिस्ता बुगाती त्याचं नाव, लोक त्याला मास्त्रो तित्ता म्हणत. एरवी हा गृहस्थ छत्र्यांचा धंदा करी. घर टायबर नदीच्या व्हॅटिकनकडच्या काठावर. तो पूल ओलांडून शहरात निघाला, की आज कुणाचा तरी जीव जाणार, हे लोकांना कळायचं. १७९६ ते १८६४ या अडुसष्ट वर्षांत त्यानं ५१६ जणांना देहदंड दिला. मधली काही वर्षं रोम फ्रेंचांच्या ताब्यात होतं, तेव्हाही काम यानंच केलं. पुढे १९२९ मध्ये व्हॅटिकन हे छोटं राज्य झालं, तेव्हा पोपच्या हत्येचा प्रयत्न करणाऱ्याला देहदंड, असं त्याच्या कायद्यात होतं. ते कलम कधी वापरलं गेलं नाही. १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी ते रद्द केलं. म्हणजे अग्कानं गोळ्या झाडल्या, त्याच्या अवघी बारा वर्षं आधी!

१९९५ मध्ये जॉन पॉल यांनी आपल्या परिपत्रकात लिहिलं, की समाजाचं रक्षण दुसऱ्या कशानंच होत नसेल तरच देहदंड द्यावा, आणि अशी वेळ आता जवळजवळ येतच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये सांगितलेली 'दुर्मिळातली दुर्मीळ' ही कसोटी इथे कुणालाही आठवेल. १९९९ च्या जानेवारीत हे पोप अमेरिकेत सेंट लुईसला गेले. तिथल्या एका कैद्याची फाशी त्यांच्या भेटीमुळे काही दिवस पुढे ढकलली होती. पोपनी गव्हर्नरना समक्ष विनंती केली. गव्हर्नर कॅथलिक नव्हते, देहदंडाच्या बाजूचे होते. तरी त्यांनी ती शिक्षा जन्मठेपेत बदलली.

शेवटचं दार २०१८ मध्ये बंद झालं. पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझममधलं, म्हणजे कॅथलिकांच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथातलं २२६७ क्रमांकाचं कलम बदललं. देहदंड मुळीच मान्य होण्याजोगा नाही, असं आता तिथे लिहिलं आहे. कारण असं, की अतिशय भयंकर गुन्हा केल्यावरही माणसाची प्रतिष्ठा संपत नाही. समाजाच्या रक्षणासाठी आज तुरुंगांची व्यवस्था आहे आणि पश्चात्तापाची वाट कायमची बंद करू नये, हेही सांगितलं आहे. काही कॅथलिक विद्वानांना हे पटलेलं नाही. इतकी शतकं जे मान्य होतं ते एकाएकी अमान्य कसं, असं ते विचारतात. प्रश्न सोपा नाही. पण ज्या घरात मास्त्रो तित्ता होता, त्याच घरानं हे लिहावं, याचं मला मोल वाटतं.

आमच्या शरियतमध्ये खुनाचा बदला मागण्याचा हक्क वारसांना आहे आणि माफीचाही. माफ करणं अधिक चांगलं मानलं आहे. म्हणजे जीव वाचणार की जाणार, हे दुखावलेल्या घराच्या मनावर राहतं. कॅथलिक शिकवण आता वेगळ्या जागी उभी आहे. क्षमेचा उपदेश तिच्यातही आहेच, पण कैद्याचा जीव ती त्या क्षमेवर टांगून ठेवत नाही. आईनं माफ करो वा न करो, राज्यानं जीव घेऊ नये, असं ती म्हणते.

हे वाचलं आणि फुफी मला पुन्हा दिसली. तिनं त्या माणसाला कधीच माफ केलं नाही. त्याचं नावही घरात घेऊ दिलं नाही. आम्ही तिला विचारायचो, "मग फाशी का नको होती?" ती उत्तर देत नसे. माझी समजूत होती, की माणूस एक तर माफ करतो किंवा फाशी मागतो. फुफी दोन्ही करत नव्हती. मुलाचं दुःख तिनं जन्मभर सांभाळलं आणि दुसऱ्या आईच्या दारात ते नेऊन टाकलं नाही.

वडिलांचं ते वाक्य मी आता थोडं पुढे नेतो. माफ केलं म्हणजे सोडलं असं नसतं. आणि माफ केलं नाही, म्हणजे जीव घेतलाच पाहिजे, असंही नसतं.