एजन्सीतली नोकरी: ऑफर घ्यायची की नाही?

कुणी लोकलमध्ये असेल, कुणी पीएमटीत, कुणी रात्रीची भांडी घासता घासता ऐकत असेल.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. इंजिनिअरिंग झालंय, किंवा बीसीए झालंय, किंवा वेब डिझाइनचा कोर्स केलाय. मोठ्या कंपनीतून फोन आला नाही, पण एका टेक एजन्सीची ऑफर हातात आहे. तीस-चाळीस माणसांचं ऑफिस, वेबसाइट आणि अ‍ॅप बनवतात, क्लायंट बाहेरचे. घरचे विचारतात, "ही कंपनी कुठली? नाव कधी ऐकलं नाही." आणि रिव्ह्यू वाचायला गेलं तर एक जण पाच स्टार देतो, दुसरा म्हणतो पळा इथून. मग खरं काय?

मी स्वतः पुण्यात, बाणेरला, अशा एका एजन्सीत साडेतीन वर्षं काढली. नाव घेणार नाही, कारण मुद्दा त्या एका ऑफिसचा नाहीच. आज जे सांगतेय ते मी पाहिलेलं आहे, आणि कोथरूडपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत एजन्सीत काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून ऐकलेलं आहे.

सगळ्यात आधी, एजन्सी पैसे कसे कमावते ते समजून घ्या. हे कळलं की तिथल्या निम्म्या गोष्टी कळतात.

प्रॉडक्ट कंपनी वस्तू विकते. एजन्सी तुमचे तास विकते. समजा तुमचा एक तास क्लायंटला १,००० रुपयांना लावलाय. महिन्याचे कामाचे तास धरा १६०. सगळे तास विकले गेले तर १ लाख ६० हजार. त्यातून तुमचा पगार, ऑफिसचं भाडं, लॅपटॉप, सेल्सवाल्यांचा पगार आणि मालकाचा नफा. आता तुम्ही निम्मा महिना बेंचवर बसलात तर? उत्पन्न थेट अर्ध्यावर. म्हणून एजन्सीत टाइमशीट हा देव असतो. शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरली नाही की ग्रुपवर नावासकट मेसेज. "काल अडीच ते साडेतीन काय केलंत?" हा प्रश्न मला पहिल्या महिन्यात अपमान वाटायचा. नंतर कळलं, तो माझ्यावरचा संशय नव्हता, ते बिलिंग होतं.

दुसरी गोष्ट फिक्स्ड प्राइसची. क्लायंटला सांगितलं, अ‍ॅप ५०० तासांत होईल, एवढे पैसे. मग क्लायंट म्हणतो, "एक छोटासा बदल आहे." असे दहा छोटे बदल झाले की काम ७०० तासांवर जातं. वरच्या २०० तासांचे पैसे कुणीच देत नाही. पण काम तर झालं. ते तास आले कुठून? कुणाच्या तरी शनिवारातून, कुणाच्या तरी रात्रीतून. एजन्सीतला ताण बहुतेक वेळा इथून येतो. मालक खडूस असतो म्हणून नव्हे, तर सेल्समध्ये कुणी "नाही" म्हणालेलं नसतं म्हणून.

मालकाची बाजूही थोडी सांगते. क्लायंट पैसे द्यायला ६० दिवस लावतो, कधी ९०. पगार मात्र दर महिन्याला द्यायचा. दोन मोठे क्लायंट गेले की तीस माणसांचं ऑफिस हलतं. हे मी समोर बसून पाहिलंय. त्यामुळे छोट्या एजन्सीत शिरताना ही जोखीम धरूनच शिरा.

आता दिवस कसा असतो? क्लायंट अमेरिकेतला असेल तर तुमचा दिवस दोनदा सुरू होतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे त्यांच्या सकाळी ९ च्या स्टँडअपला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागे केलं की साडेसात. ऑफिस मात्र सकाळी दहाला उघडतंच. दहाला या, साडेआठला निघा, वर ट्रॅफिक. माझ्या टीममधला एक जण पिंपरीहून यायचा. त्याची मुलगी आठवड्याचे पाच दिवस बाबा यायच्या आत झोपलेली असायची. त्याने शेवटी काय केलं? मॅनेजरला लेखी मेल टाकला: कॉल असेल त्या दिवशी मी दुपारी एकला येईन. मान्य झालं. दोन वर्षं सगळे कुरकुरत होते, पण मेल कुणी टाकलाच नव्हता.

इथे कायदा काय म्हणतो तेही ऐका. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा आहे, २०१७ चा. आठवड्याचे कामाचे तास ४८. त्यावर काम करून घेतलं तर ओव्हरटाइम दुप्पट दराने. मॅनेजर पातळीवरच्या लोकांना हे लागू होत नाही, पण तुम्ही ज्युनिअर डेव्हलपर किंवा टेस्टर असाल तर तुम्ही मॅनेजर नाही, व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो. आणि मुलींसाठी: रात्री साडेनऊनंतर कामावर थांबवायचं असेल तर तुमची संमती लागते, सुरक्षेची आणि घरापर्यंत सोडण्याची व्यवस्थाही करावी लागते. "कॅब बुक करून घे, नंतर बघू" ही व्यवस्था नाही.

बरं, नुसतं रडगाणं गायचं नाहीये. एजन्सीने मला काय दिलं?

वेग दिला. साडेतीन वर्षांत अकरा प्रोजेक्ट. एक दागिन्यांच्या दुकानाचं शॉपिफाय स्टोअर, एका हॉस्पिटलचं अपॉइंटमेंट अ‍ॅप, एका शेती-अवजारांच्या कंपनीचं वर्डप्रेस. माझी कॉलेजची मैत्रीण मोठ्या कंपनीत लागली, ती पहिले सात महिने बेंचवर होती. पगार तिचा जास्त, पण क्लायंटशी पहिल्यांदा बोलायला तिला दोन वर्षं लागली. मी तिसऱ्या आठवड्यात बोलत होते, तेही इंग्रजीत, फाटत असताना. एजन्सीत माणसं कमी असतात, म्हणून काम तुमच्यापर्यंत येतं. डिझाइन कसं ठरतं, सर्व्हर कसा पडतो, अंदाजपत्रक कसं काढतात, सगळं एकाच खोलीत दिसतं. फ्रीलान्सिंग करायचं असेल किंवा पुढे स्वतःचं काही उभं करायचं असेल, तर यापेक्षा चांगली शाळा नाही.

एक दुखणं मात्र राहतं. तुम्ही केलेल्या कामावर तुमचं नाव नसतं. करारात गुप्ततेची अट असली की पोर्टफोलिओतही दाखवता येत नाही. म्हणून विचारून ठेवा, कुठले प्रोजेक्ट दाखवलेले चालतील, आणि ते उत्तर मेलवर घ्या.

आता पैशाचं. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून सावकाश ऐका.

ऑफर लेटरवर लिहिलंय ३ लाख ६० हजार सीटीसी. तुम्ही बाराने भागलंत, ३० हजार. घरी सांगितलंत, तीस हजार पगार. थांबा. पीएफमध्ये मालकाचा वाटा बऱ्याचदा सीटीसीतच धरलेला असतो. बेसिक १५,००० धरला तर १२ टक्के म्हणजे १,८०० मालकाचे आणि १,८०० तुमचे. २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स. हातात आले २६,२००. त्यात ग्रॅच्युइटीही सीटीसीत दाखवली असेल तर अजून सातशेच्या आसपास कमी. आणि ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षं काढल्यावर मिळते. दोन वर्षांत निघालात तर ते पैसे फक्त कागदावर होते.

आणि पीएफ कापला म्हणजे भरला असं नाही! माझ्या शेजारी बसणारी डिझायनर. दर महिन्याच्या स्लिपवर १,८०० ची कपात. तिला घराच्या डिपॉझिटसाठी पैसे हवे होते म्हणून तिने पासबुक उघडलं. शेवटचे सात महिने रिकामे. तिचे १२,६०० आणि तेवढाच मालकाचा वाटा. अकाउंट्सवाले म्हणाले, "होऊन जाईल, क्लायंटचं पेमेंट अडकलंय." नियम असा आहे की आधीच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. तुमच्या पगारातून कापलेला पैसा तुमचा आहे, तो एजन्सीच्या अडचणीत वापरता येत नाही. तिने सात स्लिप जोडून मेल केला. उत्तर आलं नाही. मग तिने ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, तक्रार टाकली. दोन महिन्यांत पैसे जमा झाले. तिचेच नाही, आमच्या सगळ्यांचे. चाळीस माणसांत पासबुक पाहणारी ती एकटी निघाली.

म्हणून हे ऐकून झालं की उमंग अ‍ॅप उघडा, यूएएन टाका, पासबुक बघा. पाच मिनिटांचं काम आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पीएफ लागू असतोच, "आम्ही छोटे आहोत" ही सबब तिथे चालत नाही.

शेवटचा भाग, बाहेर पडणं. नोकरीत शिरताना बाहेरचं दार कुठे आहे ते बघून ठेवायचं.

बॉण्ड. "दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर दीड लाख भरा." हा कागद सहीला आला की घाईत सही करू नका. लोक म्हणतात बॉण्ड कोर्टात टिकतच नाही. असं सरसकट नाहीये. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. पण ती सरकारी बँक होती, जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करणारी, हे कोर्टाने लक्षात घेतलं. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. म्हणजे कंपनीने तुमच्यावर खरंच काय खर्च केला, हा प्रश्न राहतोच. आणि "आमच्याकडून गेल्यावर दोन वर्षं दुसऱ्या एजन्सीत काम करायचं नाही" ही अट? त्याच कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यावर ती सहसा टिकत नाही. क्लायंटचा डेटा घेऊन जाणं मात्र वेगळी गोष्ट, ते अजिबात करू नका.

मूळ मार्कशीट कुणाकडेही जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत परत बॅगेत. राजीनामा मेलवर द्या, तोंडी नको. शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि फुल अँड फायनल कधी मिळणार ते लिहून घ्या. ऑफिसचा मेल बंद होण्याआधी पगाराच्या सगळ्या स्लिप आणि फॉर्म १६ स्वतःकडे उतरवून घ्या.

मग ऑफर घ्यायची की नाही? इंटरव्ह्यूच्या शेवटी ते विचारतात ना, "तुमचे काही प्रश्न?" तेव्हा गप्प बसू नका. हे पाच विचारा. एक, हातात किती येणार? दोन, क्लायंट कुठल्या देशातले आणि कॉल किती वाजता? तीन, टीममधला सगळ्यात जुना माणूस किती वर्षं आहे? चार, काम अंदाजापेक्षा वाढलं तर काय करता? पाच, बॉण्ड किंवा नोटीस पिरियड किती? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "क्लायंटशी बोलतो, वाढीव बिल लावतो" म्हणाले तर चांगली खूण. "आमची टीम फॅमिलीसारखी आहे, सगळे मिळून करतो" म्हणाले तर समजा की शनिवार गेला.

माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं एजन्सीत काढायला हरकत नाही, भरपूर शिकाल. फक्त पासबुक बघत राहा, मेलवर लिहीत राहा आणि शिकणं थांबलं की बाहेर पडा.

तुमच्या ऑफिसात काय चालतं ते व्हॉइस नोटवर पाठवा. कंपनीचं नाव नको, अनुभव सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याच्या हातात आत्ता ऑफर लेटर आहे. सही करायच्या आत ऐकेल तर बरं. चला, भेटूया!