डोंगरावरच्या कॉम्प्युटरची आगोट



पोलादपूर सोडून गाडी कुडपणच्या बाजूला चढायला लागली की मोबाइलची रेंज खेळ मांडते. एका वळणावर फोन वाजतो, पुढच्या वळणावर मुका होतो. त्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर, शाळेतला कॉम्प्युटर बघायला मला बोलावलं होतं. बाईंनी चहा दिला आणि आधीच सांगून टाकलं, "सर, याला काही व्हायरस-बियरस नसणार. आमच्याकडे नेटच नाही, तर तो येणार कुठून?"

प्रश्न बिनतोड वाटतो. पण कुडपण हे शेलारमामांचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठही याच तालुक्यातलं. या मुलखातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, की १६७० साली कोंढाणा दरवाज्याच्या बाजूने पडला नाही. इथून कोण चढणार, म्हणून ज्या कड्याकडे पहारेकऱ्यांचं दुर्लक्ष होतं, तिथेच दोर लागला. नेट नसलेल्या कॉम्प्युटरचा तो कडा म्हणजे यूएसबीची बोटभर फट. फरक एवढाच, की इथे दोर लावणारे मावळे नसतात.

व्हायरसला नेट लागतं हा समजच मुळात उलटा आहे. पीसीवरचा 'ब्रेन' नावाचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ सालचा. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि फ्लॉपीवर बसून तो जगभर हिंडला. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी. पुढे २०१० मध्ये 'स्टक्सनेट' सापडला. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रं चालवणारे कॉम्प्युटर मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवलेले होते. तरी तो आत शिरला, आणि गेला तो पेनड्राइव्हसारख्या साधनावरूनच. आत यंत्रं बिघडत होती आणि पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसत होतं.

तर बाईंचा कॉम्प्युटर. उजव्या कोपऱ्यात अँटिव्हायरसचं चिन्ह होतं. मी त्यावर क्लिक करून शेवटच्या अपडेटची तारीख काढली. चौदा महिन्यांपूर्वीची! मग त्यांचा पेनड्राइव्ह लावला. आत 'निकालपत्रक', 'पोषण आहार', 'स्नेहसंमेलन' अशी सगळी फोल्डरं दिसत होती, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण, आणि आकार बघावा तर एक-दोन केबी. स्नेहसंमेलनाचे दोनशे फोटो दोन केबीत मावतील का? खरी फोल्डरं व्हायरसने लपवून ठेवली होती आणि त्यांच्या नावाच्या पाट्या बाहेर टांगल्या होत्या. पाटीवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग खरं फोल्डर उघडतं. काम होतं, म्हणून संशयही येत नाही. आपल्याकडे याला 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. हा पेनड्राइव्ह आठ दिवसांपूर्वी बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जाऊन आला होता.

आता अपडेट म्हणजे काय ते बघू. चौकीच्या फलकावर फरार गुन्हेगारांचे फोटो असतात. अँटिव्हायरसकडे तशीच एक यादी असते, आणि यादीत नसलेल्यांना तो चालीवरून ओळखायचा प्रयत्न करतो. जगात रोज लाखोंनी नवे घातक प्रोग्रॅम नोंदले जातात. ज्याच्याकडे नेट आहे त्याचा अँटिव्हायरस संशयास्पद फाइल दिसली की कंपनीच्या सर्व्हरला तिथल्या तिथे विचारून घेतो. तुमच्याकडे ती सोय नाही. तुमचा सगळा भरवसा त्या यादीवर. म्हणून नेट नाही तिथे अपडेट कमी लागत नाही, उलट जास्त लागतं.

आणि ते नेटशिवाय आणता येतं. यात नवीन काहीच नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात 'क्विक हील' उभं केलं, तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून येत आणि त्यावरचा उतारासुद्धा फ्लॉपीवरूनच हातोहात फिरे. ती जुनी वाट अजून मोडलेली नाही. बहुतेक कंपन्या आपल्या साइटवर 'ऑफलाइन अपडेट' नावाची फाइल ठेवतात.

वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

आधी आपल्या कॉम्प्युटरबद्दल तीन गोष्टी लिहून घ्या: विंडोज कोणती, ती ३२ बिट की ६४ बिट, आणि अँटिव्हायरस कोणता, त्याचं व्हर्जन काय. पहिल्या दोन गोष्टी सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्याखाली 'अबाउट'मध्ये दिसतील. हे न लिहिता खाली उतरलात तर चुकीची फाइल घेऊन परत याल आणि एसटीचं भाडं फुकट जाईल.

विकतचा अँटिव्हायरस नसेल तरी हरकत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' आधीपासून असतो. त्याची अपडेट फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते. नाव सांगतो: एम, पी, ए, एम, मग आडवी रेघ, एफ, ई. शंभर एमबीहून मोठी असते. मधली अपडेटं चुकली असली तरी चालतं; सगळ्यात ताजी एक फाइल पुरते.

ही फाइल उतरवायला कॉम्प्युटर शोधत हिंडू नका. पोलादपूरला, महाडला कामाने जाताच. चांगली रेंज मिळाली की आपल्याच मोबाइलवर उतरवा. घरी आल्यावर चार्जिंगची केबल कॉम्प्युटरला जोडा, फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि फाइल कॉम्प्युटरवर घ्या. फाइल घ्यायची ती कंपनीच्या साइटवरूनच. कुणी ग्रुपवर टाकली, मित्राने दिली, ती नको. कॉम्प्युटरवर आली की तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. तिथे कंपनीचं नाव असलं पाहिजे.

मग डबल क्लिक. डिफेंडरची फाइल एकदा परवानगी विचारते आणि 'येस' म्हटलं की गप्प बसते. पडद्यावर काहीच होत नाही. मला लोक सांगतात, "सर, चालली नाही, म्हणून सात वेळा दाबली." ती चाललेली असते. दहा मिनिटांनी 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि अपडेटची तारीख वाचा. तारीख पुढे सरकली तर काम झालं. कोपऱ्यातल्या हिरव्या खुणेवर जाऊ नका, तारीख वाचा. मग एकदा पूर्ण स्कॅन लावून जेवायला जा.

विकतचा घेणार असाल तर दुकानदाराला आधी विचारा: नेटशिवाय ॲक्टिव्हेट होईल का, ऑफलाइन अपडेट मिळतं का? आणि एका कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस नकोत, ते एकमेकांच्याच पायात येतात.

कधी कधी सगळं बरोबर करूनही अपडेट बसत नाही, लायसन्स संपलं म्हणून ओरडतं. तेव्हा आधी घड्याळ बघा. कॉम्प्युटरच्या पोटात, मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो: सीआर २०३२. वीज गेली की घड्याळ त्याच्यावर चालतं. आपल्याकडे वीज जाण्याचं काय सांगावं! तो सेल संपला की कॉम्प्युटर दर वेळी जागा होतो तो कुठल्या तरी जुन्या सालात. त्याच्या लेखी आजची फाइल अजून जन्मालाच आलेली नसते. घड्याळाच्या दुकानात तो सेल थोड्या रुपयांत मिळतो. काढताना आधी प्लग काढा.

आता पेनड्राइव्ह. ऑफिसचा पेनड्राइव्ह वेगळा, बाहेरचा वेगळा. बाहेरच्याला लाल दोरा बांधा. झेरॉक्सच्या दुकानात जायचं ते लाल दोऱ्यानेच, आणि त्यात फक्त छापायची फाइल ठेवा, सगळा संसार नको. परत आला की उघडण्याआधी त्याच्यावर राइट क्लिक करून स्कॅन. जमलं तर कार्ड रीडर आणि मोठं एसडी कार्ड घ्या; त्याच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो 'लॉक'कडे सरकवला की रीडर त्यावर काही लिहू देत नाही. शिवाय सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटोप्ले' बंद करून टाका.

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात. येताना मुंबईहून, सुरतेहून पेनड्राइव्ह आणतात. कुणाकडे भजनं, कुणाकडे जाखडीचं शूटिंग. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? म्हणू नका. गाणी टीव्हीवर लावा, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर नको. उलट त्यांनाच आधी फोन करून सांगा, येताना ताजी अपडेट फाइल फोनमध्ये घेऊन या. पेढ्यांबरोबर तेवढं आणणं त्यांना जड नाही.

विंडोजबद्दल दोन शब्द. विंडोज ७ चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वर डिफेंडरची यादी अजून काही काळ येत राहील, पण भिंतीला पडलेली भोकं बुजवणारा गवंडी आता सहसा येणार नाही. मशीन जुनं असेल आणि काम टायपिंग-हिशेबाचंच असेल, तर जाणकाराकडून लिनक्स टाकून घ्यायचा विचार करा. आपल्या सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' हे त्यातलंच एक.

आणि कितीही केलं तरी एक प्रत बाजूला हवी. जुलै २०२१ मध्ये महाडात पाणी कुठवर चढलं ते आपण पाहिलं आहे. पुराला अँटिव्हायरस अडवत नाही. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, तो ड्राइव्ह काढून दुसऱ्या घरात, वरच्या फळीवर ठेवा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसवरही हाच खात्रीचा उतारा. सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात. पैसे गेले, फसवणूक झाली, तर लगेच १९३० ला फोन करा.

शेवटी वेळापत्रक. आठवड्याला अपडेट झालं तर उत्तम. नाही जमलं तर जेव्हा जेव्हा गावातलं कुणी बाजाराला उतरेल तेव्हा. कॉम्प्युटरशेजारी एक कॅलेंडर टांगा आणि अपडेट केलं त्या दिवसाला गोल करा. महिनाभर गोल दिसला नाही तर बाहेरचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावायचा नाही, मग तो कुणाचाही असो.

आणि मेअखेर आली की आपण आगोट भरतो. लाकूडफाटा, सुकट, मिठाची पिशवी. का? तर एकदा पाऊस लागला, दरड खाली आली, की आहे त्यावर दिवस काढायचे. त्या यादीत यंदा एक ओळ वाढवा. शेवटची अपडेट फाइल, एक प्रत, आणि हो, तो नाण्याएवढा सेल. बाईंच्या शाळेत मी परत गेलो तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात खडूने तारीख लिहिलेली होती आणि खाली लिहिलं होतं, 'कॉम्प्युटर जेवला'. पोरं रोज ती तारीख वाचत होती. जुनी झाली की पोरंच बाईंना आठवण करून देत.