सदाफुलीचे औषध आणि बधिर पावले



आचार्य आनंदऋषीजींच्या नावे रुग्णालय उभारणाऱ्या नगरच्या जैन समाजास रुग्णसेवा नवी नाही. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, यावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते; १९६३ पासून ते वापरात आहे. कर्कपेशींचे विभाजन रोखताना ते मज्जातंतूंनाही इजा करते. बोटांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, बद्धकोष्ठता जडते. रुग्ण त्यास अशक्तपणा समजून मौन धरतो. वास्तविक वेळीच सांगितल्यास डॉक्टरांना मात्रा कमी करता येते. वैशाखात अनवाणी स्थानकाची पायरी चढणाऱ्यास चटका कळत नाही, फोड मात्र येतो. घरच्यांनी रोज तळवे पाहावेत. पाय एकाएकी लुळे पडले वा लघवी अडली, तर औषधाचाच परिणाम म्हणून थांबू नये. गाठीचा मज्जारज्जूवर दाब असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.